फूटरेस्ट बदलण्याआधी आणि बदलताना: कोकणात बाइक चालवणाऱ्या नवख्यांसाठी

चिपळूणहून निघून कुंभार्ली घाट चढेपर्यंत गुडघे आखडायला लागले, की पहिला सल्ला हमखास मिळतो: "मोठे फूटरेस्ट टाकून घ्या." सल्ला चुकीचा नाही, पण घाईचा आहे. पाय दुखण्याचं मूळ बऱ्याचदा फूटरेस्टच्या आकारात नसतंच. ते सीट आणि फूटरेस्टमधल्या अंतरात असतं, नाहीतर गिअर लिव्हरच्या उंचीत. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मोजमाप, मग लिव्हर, मग सीट, मग फूटरेस्टची रुंदी आणि सगळ्यात शेवटी फूटरेस्टची जागा. पहिल्या दोन गोष्टींना पैसे लागत नाहीत. निम्म्या गाड्यांचं काम तिथेच होतं.

काय दुखतंय?

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीच्या आसपास दुखत असेल तर गुडघा जास्त दुमडतोय. बोटं किंवा तळवा बधिर होत असेल तर इंजिनाची थरथर पायात येतेय, किंवा फूटरेस्ट इतकं अरुंद आहे की सगळा भार एका रेघेवर पडतोय. नडगीच्या खालच्या टोकाला, घोट्याच्या वर ओढ बसत असेल तर फूटरेस्टला दोष देऊ नका. गिअर लिव्हर उंच आहे आणि प्रत्येक गिअरला तुम्ही अख्खं पाऊल उचलताय. माकडहाड दुखणं हे पाय फार पुढे असण्याचं लक्षण. पाय पुढे गेले की खड्ड्यात त्यांच्यावर भार घेता येत नाही, सगळा दणका कण्यात जातो.

थरथर कुठून येते तेही समजून घ्या. एका सिलिंडरचं इंजिन ४००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ४००० फेरे घेताना, सेकंदाला साधारण ६७ वेळा हादरतं. फूटरेस्टचं रबर तो हादरा खातं. रबर कडक झालं किंवा झिजून आतली लोखंडी पट्टी दिसायला लागली, की हादरा थेट बुटात. असं असेल तर आधी नवं रबर घाला आणि आठवडाभर चालवा. बाकीचं नंतर.

मोजमाप

लागतं काय? एक टेप, दोन हात दोरा आणि एक जड नट. दोऱ्याला नट बांधला की गवंड्याचा ओळंबा तयार. गाडी मेन स्टँडवर सपाट जागी उभी करा. पावसाळ्यात अंगण भिजलेलं असेल तर स्टँडखाली फळी घाला, नाहीतर एक पाय रुततो, गाडी कलते आणि मापं खोटी येतात.

रोज जे घालता तेच पायात घालून नेहमीसारखे बसा. चप्पल घालून मोजायचं आणि गमबूट घालून चालवायचं, याला अर्थ नाही. दुसऱ्या कुणाला तरी तीन-चार मीटर लांबून, सीटच्या उंचीवर मोबाइल धरून बरोबर बाजूने फोटो काढायला सांगा. फोटोवर खुबा, गुडघा आणि घोटा हे तीन बिंदू रेघांनी जोडा आणि कोनमापक लावा. गुडघ्याचा कोन ९० अंशांच्या आसपास असेल तर बहुतेकांना लांबचा पल्ला सोसतो. ८० च्या खाली गेला की तासाभरात पाय आखडतो. उंच माणूस छोट्या गाडीवर बसला की हमखास हेच होतं.

आता फूटरेस्टच्या वरच्या कडेपासून सीटच्या बसायच्या जागेपर्यंत उभं अंतर मोजा. मग ओळंबा सीटच्या त्याच जागेवरून सोडा आणि फूटरेस्ट त्याच्या किती पुढे किंवा मागे आहे ते बघा. दोन्ही बाजूंची मापं वहीत लिहा. डावं-उजवं यांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक निघाला तर फूटरेस्ट वाकलंय. गाडी कधीतरी डाव्या अंगावर पडलेली असते आणि कुणाच्या लक्षातही नसतं.

साध्या कम्युटर गाड्यांमध्ये दोन्ही फूटरेस्ट मिळून एकच आडवी नळी असते, ती इंजिनाच्या पोटाखाली बोल्टांनी बसवलेली असते. ती वाकली की काही जण तिच्या टोकात पाइप घालून जागच्या जागी सरळ करतात. तसं करू नका आणि समोर कुणाला करूही देऊ नका. त्या नळीचे बोल्ट ज्या कानांत बसतात ते इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या केसिंगचे असतील, तर जोर तिथे जातो आणि कान तडकतो. नळी काढा, बाकावर सरळ करा, परत बसवा. फूटरेस्टचा ओतीव ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट वाकला असेल तर तो सरळ करायचाच नाही. वरून ठीक दिसतो, आत बारीक चीर असते आणि नेमका घाटात तुटतो. नवा घ्या.

लिव्हर

पाऊल फूटरेस्टवर ठेवा, चवडा किंचित पुढे. गिअर लिव्हरचं टोक असं हवं, की बुटाचा पुढचा भाग टाच न उचलता त्याखाली सरकेल आणि वर येऊन टोकावर दाबताही येईल. बुटाच्या जाडीनुसार हे माप बदलतं. इथे कोकणातली खास अडचण येते: उन्हाळ्यात चप्पल किंवा सँडल, जूनपासून गमबूट. गमबुटाचं नाक जाड असतं, ते लिव्हरखाली शिरतच नाही, मग माणूस पाऊल वाकडं करून गिअर टाकतो. पावसाळ्याआधी लिव्हर थोडं वर घ्या, दिवाळीत परत खाली आणा. दहा मिनिटांचं काम आहे.

लिव्हर थेट शाफ्टवर, म्हणजे इंजिनातून बाहेर आलेल्या दातेरी दांड्यावर, असेल तर बोल्ट नुसता सैल करून भागत नाही. बऱ्याच गाड्यांत तो शाफ्टच्या खाचेतून जातो, म्हणून पूर्ण काढावा लागतो. आधी शाफ्टवर आणि लिव्हरवर खडूने एक रेघ मारा, मग लिव्हर ओढून दात्यावरून एक घर पुढे-मागे करा. एका दात्यानंही टोक बरंच हलतं. दोन घरं सरकवायची वेळ आली तर तुमचं माप पुन्हा तपासा.

लिव्हर आणि शाफ्ट यांच्यामध्ये रॉड असलेल्या गाड्यांमध्ये बारीक फरक करता येतो. रॉडच्या दोन्ही टोकांना लॉकनट (रॉड फिरू नये म्हणून आवळलेले नट) असतात आणि त्यातल्या एका टोकाचे आटे उलटे असतात, म्हणूनच रॉड फिरवला की लांबी कमी-जास्त होते. उलट्या बाजूचा नट नेहमीसारखा डावीकडे फिरवून "सुटत नाही, सुटत नाही" म्हणत गोल करून टाकणारे बरेच असतात. दोन्ही टोकांना निदान रॉडच्या जाडीएवढे आटे आत राहिले पाहिजेत, नाहीतर एखाद्या धक्क्याला रॉड निसटतो.

पुढून-मागून दाबायचं लिव्हर असेल तर एक टोक वर गेलं की दुसरं खाली जाणारच. तिथे पुढच्या टोकाचं माप धरायचं आणि मागचं टाचेला लागत नाही ना, एवढं बघायचं.

ब्रेक पेडल तळव्याच्या किंचित खाली हवं. पाय त्यावर विसावत असेल तर नकळत ब्रेक लागत राहतो आणि घाट उतरताना लायनर तापून वास सुटतो. ड्रम ब्रेकच्या गाडीत पेडलचा मोकळा खेळ, म्हणजे ब्रेक धरायच्या आधी पेडल नुसतंच दबतं ते अंतर, टोकाशी २० ते ३० मिमी असतो. गाडीसोबतच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो खरा. आधी पेडलची उंची लावा, मग मागच्या चाकाशी रॉडचा नट फिरवून हा खेळ लावा. क्रम उलटा केला तर दोनदा काम करावं लागतं. डिस्क असेल तर उंची मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्याच्या) रॉडवर लागते आणि तिथे थोडा खेळ शिल्लक ठेवणं अत्यावश्यक. खेळ संपवला तर ब्रेक ऑइलला परतीची वाट राहत नाही, ते तापून फुगतं आणि मागचं चाक धरून बसतं. आंबोली उतरताना पावसात हे झालं तर काय होईल ते सांगायला नको.

पेडल हललं की ब्रेक लाइटचा स्विचही लावावा लागतो. स्विचचं धड धरून फक्त त्याचा नट फिरवा. धड फिरलं तर आतल्या वायरी पिळवटून तुटतात.

सीटवर टॉवेल

फूटरेस्ट खाली घेण्याचा खर्च करण्याआधी ही एक चाचणी करा. जाड टॉवेल घडी घालून २५ मिमी उंचीचा करा, सीटवर नीट बांधा आणि गावातल्या ओळखीच्या रस्त्यावर हळू एक चक्कर मारा. सीट २५ मिमी वर गेली काय किंवा फूटरेस्ट २५ मिमी खाली गेलं काय, गुडघ्याला जवळपास सारखंच. मध्यम उंचीच्या माणसाच्या गुडघ्याचा कोन त्याने ४ ते ५ अंश उघडतो. टॉवेलने बरं वाटलं तर सीटवाल्याकडून तेवढा फोम वाढवून घ्या. जमिनीला पाय टेकायला त्रास होत असेल तरच फूटरेस्टकडे वळा. आमचं मत विचाराल तर कोकणात सीट उचलणं जास्त शहाणपणाचं. कारण पुढे येतंच आहे.

रुंदी

कंपनीचे साधे फूटरेस्ट पुढून मागे २५ ते ४० मिमी असतात. बाजारातले रुंद ५० ते ६० मिमीपर्यंत. फरक कुठे पडतो? बसून चालवताना फार नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर उभं राहिलात की पडतो. ७० किलोचा माणूस उभा राहिला की एका पायावर ३५ किलो. ९ सेंटीमीटर रुंद पाऊल आणि २५ मिमीची पट्टी म्हणजे चौरस सेंटीमीटरला दीड किलोच्या वर भार. पट्टी ५० मिमीची केली की तो निम्मा. पातळ तळव्याच्या पावसाळी सँडलमध्ये हा फरक लगेच कळतो, जाड बुटात कमी.

रुंदीचे तोटे मात्र कुणी सांगत नाही. मागे वाढलेलं फूटरेस्ट थांबल्यावर पोटरीला लागतं. दातेरी असेल तर पँट फाटते आणि नडगीवर ओरखडे उठतात. दाभोळ-धोपावे किंवा वेश्वी-बागमांडला फेरीबोटीवर ओल्या लोखंडी उतारावरून पाय टेकत गाडी चढवताना हे पक्कं आठवतं. पुढे वाढलेलं असेल तर लिव्हरपर्यंतची जागा कमी होते आणि मोठ्या बुटाची पंचाईत होते. किक असलेल्या गाडीत उजवं फूटरेस्ट दुमडल्यावर किकच्या वाटेत येत नाही ना, हे दुकानातच बघा. बाहेरच्या बाजूला लांबी वाढलेली असेल तर वळणावर ते आधी टेकणार.

रबर की दाते? कोकणासाठी दातेरी फूटरेस्टवर काढता-घालता येणारं रबर, हे सगळ्यात सोयीचं. उन्हाळ्यात रबर लावून ठेवा, थरथर कमी होईल. पावसाळ्यात लाल चिखल भरला की गुळगुळीत रबरावरून तळवा साबणासारखा निसटतो, तेव्हा रबर काढून दाते उघडे करा. फक्त चपला घालून चालवणाऱ्यांनी दाते घेऊ नयेत. महिन्याभरात चपलेचा तळ खाल्ला जातो. आणि चपलेत बाइक चालवणं मुळातच वाईट, पण गावात ते थांबणार नाही, हेही माहीत आहे.

खाली घेणं, मागे घेणं

इथे घाई करू नका. फूटरेस्ट खाली घेतलं की गाडी वळणावर झुकायची मर्यादा कमी होते. हिशेब साधा आहे. समजा फूटरेस्टचं टोक गाडीच्या मध्यरेषेपासून ३६ सेमी बाहेर आणि जमिनीपासून २९ सेमी वर आहे. टायरची रुंदी सोडून दिली तर गाडी साधारण ३९ अंश झुकल्यावर ते टेकेल. ३ सेमी खाली घेतलं की ३६ अंशांवर. त्यात फूटरेस्ट २ सेमी लांबही घेतलं तर ३४ वर.

आता रस्ता बघा. घाटातल्या १० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ताशी २५ किमीला साधारण २६ अंश झुकावं लागतं, ३० किमीला ३५ अंश. म्हणजे पाच किमीचा फरक आणि फूटरेस्ट डांबराला! त्यात मागे माणूस आणि सामान असेल तर शॉकअप दबून सगळंच आणखी खाली आलेलं असतं. म्हणून घाटातून नेहमी जाणाऱ्यांनी २५ मिमीपेक्षा जास्त खाली जाऊ नये.

फूटरेस्ट टेकलं तर ते वर आणि मागे दुमडलं पाहिजे, यासाठीच त्याला बिजागरी आणि स्प्रिंग असते. काही गाड्यांत टोकाला खाली लोंबणारा एक बोल्ट असतो. तो आधी घासतो आणि इशारा देतो. दिसायला बरं नाही म्हणून तो काढून टाकू नका. गंजून जाम झालेलं फूटरेस्ट दुमडत नाही, ते टेकू होऊन चाक जमिनीवरून उचलतं.

लोअरिंग ब्रॅकेट (फूटरेस्ट खाली आणणारी जोडपट्टी) घेतलात तर तो जितका लांब तितका बोल्टांवरचा पीळ जास्त, हे ध्यानात ठेवा. एकाच बोल्टवर लटकणारा ब्रॅकेट परत करा. दोन बोल्ट किंवा फिरू न देणारी खाच हवीच. लेगगार्डवर पाय ठेवायचे जादा फूटरेस्ट मोकळ्या महामार्गावर पाय पसरायला ठीक. पण मुंबई-गोवा महामार्गावर गाव आलं, की गुरं कधी आडवी येतील सांगता येत नाही. ताशी ६० किमीला पाय पेडलवर यायला अर्धा सेकंद जास्त लागला तर गाडी ८ मीटर पुढे गेलेली असते.

बसवताना

१०, १२ आणि १४ चे पाने, एलन की, निमुळती पक्कड, नवीन स्प्लिट पिन (दोन पाय वळवून अडकवायची तारेची पिन), ग्रीस आणि डिझेलची बाटली घ्या. बिजागरीची जाड पिन गंजली असेल तर आदल्या रात्रीच डिझेल सोडून ठेवा.

काढण्याआधी स्प्रिंगचा जवळून फोटो घ्या. तिचा कुठला पाय आत आणि कुठला बाहेर, हे नंतर आठवत नाही. स्प्लिट पिनचे पाय सरळ करा, ती ओढा, वॉशर घ्या आणि जाड पिन ठोकून बाहेर काढा. ठोकताना वर फडकं धरा, स्प्रिंग उडून डोळ्यात जाते. जुनं आणि नवं फूटरेस्ट शेजारी ठेवून तीन मापं जुळवा: भोकाचा व्यास, ब्रॅकेटमध्ये शिरणाऱ्या जिभेची जाडी आणि जिथे फूटरेस्ट अडतं ती कड. जीभ पातळ असेल तर फूटरेस्ट खडखडेल. कड चुकली तर बाहेरचं टोक खाली लोंबेल. ते आडवं किंवा बाहेरून किंचित वर हवं, लोंबतं कधीच नाही. ओल्या पायाने घसरता.

पिन उभी असेल तर डोकं वर ठेवून वरून खाली घाला. स्प्लिट पिन पडली तरी जाड पिन वजनाने जागेवरच राहते. पिनला ग्रीस लावा, वॉशर घाला, नवी स्प्लिट पिन घालून पाय दोन्हीकडे वळवा. जुनी परत वापरू नका. दुसऱ्यांदा वाकवलेली तार तुटते.

ब्रॅकेटचे बोल्ट पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे आवळा. ८ मिमीच्या बोल्टला तो साधारण २० ते २५ न्यूटन-मीटरच्या घरात असतो. मग फूटरेस्ट हाताने दहा वेळा दुमडा. दहाही वेळा आपणहून खाली यायला हवं. साइड स्टँड आणि मेन स्टँड उघडून-मिटून बघा, टाच सायलेन्सरला लागते का तेही बघा. आता लिव्हर आणि पेडल पुन्हा लावा, कारण फूटरेस्ट १० मिमी हललं तरी जुनी मापं बाद. पहिली फेरी गावातली पाच किमीची, सपाट रस्त्याची. १०० किमीनंतर सगळे बोल्ट परत तपासा.

खारा वारा

किनाऱ्यालगत फूटरेस्टची स्प्रिंग सगळ्यात आधी गंजते, मागोमाग पिन. पुळणीवर गाडी नेलीच असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये स्टीलचा बोल्ट असेल तर मिठाने दोन धातूंमध्ये पांढरी पूड धरते आणि बोल्ट असा चिकटतो की डोकंच तुटतं. बसवतानाच आट्यांना अँटी-सीझ (बोल्ट चिकटू न देणारी पेस्ट) लावा आणि अशा चोपडलेल्या आट्यांवर थोडं कमी आवळा. रबरावर मात्र ग्रीस किंवा तेल अजिबात नको. रबर चढत नसेल तर साबणाचं पाणी लावा. चेनला तेल सोडताना उडालेले थेंब फूटरेस्टवरून पुसून टाका. मे महिन्याच्या शेवटी पिन काढून नवं ग्रीस, गणपतीनंतर पुन्हा एकदा.

मागे बसणाऱ्याचं

मागचे फूटरेस्ट काढून टाकायची फॅशन आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ मागच्या माणसासाठी फूटरेस्ट, धरायला हँडल आणि कपडे चाकात न जाण्यासाठी मागचं निदान अर्धं चाक झाकणारं आवरण, हे तिन्ही मागतो. आई किंवा आजी एका बाजूला बसत असेल तर साडी गार्डवरचं डावं फूटरेस्ट हलत नाही ना, ते दर महिन्याला हाताने हलवून बघा. त्याचे बोल्ट पटकन सैल होतात. डाव्या वळणावर गाडीचं तेच आधी टेकू शकतं. म्हणून आजी मागे असताना घाटातल्या डाव्या वळणांवर वेग आधीच, सरळ रस्त्यावर असतानाच कमी करा.